गोठ्यातला वकील

पीटर त्रिभुवन सरांनी आयुष्यात फारशी बढाई मारली नव्हती. भूगोलाच्या शिक्षकाला तशी संधीही कमी. नद्या, डोंगर, पर्जन्यमान सगळं आधीच ठरलेलं असतं, त्यात पदरचं काही घालता येत नाही. पण डिसेंबरच्या सुरुवातीला एका रविवारी ते फोनवर लेकीशी एक वाक्य बोलून गेले, आणि ते वाक्य त्यांच्या सगळ्या घराला नाताळापर्यंत पुरलं.

लेक, एंजल, पुण्यात फिजिओथेरपी शिकत होती. रविवारी तिचा फोन आला की सर तो स्पीकरवर टाकून जेवणाच्या टेबलावर मध्यभागी ठेवत, जणू तीच ताटावर बसली आहे.

"पप्पा, यंदा मी पंचवीसला दुपारी पोचेन," ती म्हणाली. "आमचा ग्रुप महाबळेश्वरला चाललाय. तिथून थेट घरी येते."

पंचवीसला दुपारी म्हणजे चर्चमधली मिस्सा, नाताळची उपासना, संपलेली, केक कापलेला, शेजाऱ्यांकडे करंज्यांची ताटं पोचलेली. पंचवीसला दुपारी त्रिभुवनांच्या घरात नाताळ नसतो, झोप असते. सर नुसतं "बरं" म्हणाले. हे 'बरं' त्यांनी अशा आवाजात म्हटलं होतं की ऐकणाऱ्याला वाईट वाटावं. पण ऐकणारीकडे रेंज कमी होती. तेव्हा सरांच्या तोंडून ते वाक्य निसटलं.

"यंदा आपण गोठ्यात खरं कोकरू आणतोय."

"अय्या, खरंच?" एंजल म्हणाली. "मस्त. फोटो पाठवा मग."

फोटो पाठवा.

नाताळचा गोठा म्हणजे दिवाळीच्या किल्ल्याचा भाऊच. येशूचा जन्म गोठ्यात झाला, म्हणून ख्रिस्ती घरांतून तो देखावा मांडतात. त्रिभुवनांचा गोठा टीव्हीच्या जुन्या खोक्यातला. त्यात मारिया, योसेफ, बाळ येशू आणि मातीची चार मेंढरं, त्यांतल्या एकाला कान नाही. मुलं लहान असताना गोठ्याचं काम आठवडाभर चाले. चिखलानं दोघंही माखलेली असत, आणि खरं कोकरू आणा म्हणून दरवर्षी रडारड व्हायची. सर म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." पुढची वर्षं बघता बघता निघून गेली. मुलं उंच झाली आणि खोकं तेवढंच राहिलं.

"कोकरू आणणार कुठून?" स्टेलाबाईंनी विचारलं. त्या पतसंस्थेत नोकरीला होत्या. माणसं तोंड भरून आश्वासनं देतात ती ऐकायची त्यांना सवय होती.

"मिरजगावहून. मच्छिंद्रकडून."

लग्नाआधी सर मिरजगावच्या शाळेत होते. तिथला मच्छिंद्र त्यांचा जुना दोस्त. शेती करायचा, जोडीला मेंढ्या. दिवाळीत त्यानं मोबाईलवर एका कोकराचा फोटो पाठवला होता. पांढरंशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखं. सरांच्या डोळ्यांपुढे तेच होतं.

"आणि ठेवणार कुठं? टीव्हीच्या खोक्यात?"

सरांनी मुलाकडे पाहिलं. बेंजामिन दहावीत होता. गेल्या वर्षभरात तो एवढा वाढला होता की ओट्यावरच्या दिव्याला त्याचं डोकं लागायचं, आणि बोलणं तेवढंच आखडलं होतं. दिवसभरात 'हं', 'नको' आणि 'चार्जर कुठंय' एवढ्यात त्याचं भागे.

"तुला काय वाटतं, बेंजू?"

"हं," बेंजामिन म्हणाला.

मग प्रश्न शेजारी गेला. शेजारी कानिफनाथराव होते. साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसातून रिटायर झाल्यापासून सल्ला देण्याचं काम ते पूर्णवेळ करत होते.

"सर, अंगणात बसायचं नाही ते. फाटकाबाहेर घ्या, रस्त्याच्या कडेला. पण ग्रामपंचायतीत अर्ज टाका. मागाहून लफडं नको."

राहात्याजवळच्या त्या लहानशा गावात रस्त्याच्या कडेला लोक हवं ते मांडत. पण शिक्षकाचा स्वभाव. सरांनी सुवाच्य अक्षरात 'गोठा उभारण्यास परवानगी मिळणेबाबत' असा अर्ज लिहिला आणि ग्रामसेवकापुढे ठेवला. ग्रामसेवक भला माणूस होता, मदत करायला अगदी उत्सुक. अडचण तिथेच झाली.

"सर, परवानगी कशाला? अनुदानच मिळवून देतो. जनावरं किती?"

"एक. कोकरू."

"मग मेंढीशेडच्या योजनेत बसवू. सातबारा आणलाय?"

"तात्पुरता गोठा आहे हो. नाताळपुरता."

"बरं. लाभार्थी कोण?"

सरांचा संयम सुटत चालला होता. "एक बाहेरगावचं कुटुंब. जनगणनेसाठी आलेलं. बाई बाळंतपणाला टेकलेली."

ग्रामसेवकानं मनापासून हळहळत मान हलवली. "बाहेरगावच्यांना नाही देता येत जागा, सर."

मारिया-योसेफलाही दोन हजार वर्षांपूर्वी नेमकं हेच उत्तर मिळालं होतं, हे सरांच्या लक्षात आलं, आणि तिथेच हसू फुटेल म्हणून ते उठले. सर दारापर्यंत गेल्यावर ग्रामसेवकाच्या डोक्यात प्रकाश पडला. "नाताळचा होय," तो म्हणाला. "मग बांधा की. मी येतो करंज्या खायला."

गोठा उभा राहिला. बांबू बेंजामिननं उभे केले, कारण सरांचा हात वरच्या आडव्या बांबूपर्यंत पोचेना. छप्पर आणि भिंती कानिफनाथरावांच्या सल्ल्यानं उसाच्या वाढ्यांच्या. "ऊसतोड चालू आहे, मागाल तेवढं वाढं मिळेल. हिरवंगार दिसेल," असं ते म्हणाले होते, आणि दिसलंही. ऊस तोडला की शेंड्याचं जे वाढं उरतं ते जनावरांचं आवडतं खाणं असतं. ही गोष्ट नगर जिल्ह्यात जन्मलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या दिवशी तेवढी ती कुणाला आठवली नाही.

शनिवारी सर मिरजगावला निघाले. सोबत बेंजामिन, तोही आईच्या हुकमानं. नगरपर्यंत बापलेकांत जे संभाषण झालं त्यात 'काच वर घे' हेच सगळ्यात लांब वाक्य. मिरजगावला मच्छिंद्रनं चहा दिला, शेव दिली, आणि मग गोठ्यामागून एक जनावर ओढत आणलं. त्याची पाठ सरांच्या मांडीला लागत होती. डोक्यावर शिंगांचे दोन दणकट कोंब होते.

"मच्छिंद्र, कोकरू कुठंय?"

"ह्येच की."

"दिवाळीत फोटो पाठवलास ते?"

"त्येच ह्ये. फोटू जुना व्हता, पावसाळ्यातला," मच्छिंद्र शांतपणे म्हणाला. "तवापासनं खातंय ना, सर. आमी काय त्याला थांब म्हनलो न्हाई."

बेंजामिन खाली बघून हसला. सरांनी ते पाहिलं, आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं.

त्या जनावराचं नाव वकील. त्याची आई मेल्यावर मच्छिंद्रच्या धाकट्या मुलीनं, सृष्टीनं, त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. "लई बोलतं म्हनून ठिवलंय नाव," ती म्हणाली. तिनं वकिलाला पाठवायला एकच अट घातली. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून त्याला दाखवायचं. सरांनी तिला शब्द दिला.

गाडी सुरू झाल्यावर मच्छिंद्र खिडकीशी आला. "आन् येक ऱ्हायलं, सर. ह्ये एकटं ऱ्हात न्हाई. मानूस दिसंना झालं की वरडतं."

पुस्तकातल्या बारीक टायपातल्या तळटीपेकडे बघावं तसं सरांनी त्याकडे बघितलं आणि गिअर टाकला.

वकील मागच्या सीटवर बेंजामिनजवळ बसला. त्यानं आपली हनुवटी सरांच्या खांद्यावर टेकवली आणि कानात बोलायला सुरुवात केली. नगरला चौकात एका हवालदारानं गाडी थांबवली, आत वाकून पाहिलं.

"नाताळाचं का?"

"हो."

"कापायला?"

"नाही, बघायला."

हवालदारानं सरांकडे जरा वेळ पाहिलं. माणूस शिकलेला दिसत होता. "जा सावकाश," तो म्हणाला.

शिर्डीच्या सुट्टीतल्या गर्दीमुळे गाड्या पार बाभळेश्वरपासून तुंबल्या होत्या. एका बसमधल्या भाविकांनी खिडकीतून वकिलाचे फोटो काढले, एका आजींनी त्याला पेढा भरवला. अखेर गाव जवळ आलं. फाट्यावर कापणी झालेल्या रानात मेंढरांचा मोठा कळप बसला होता, आणि त्यात पांढरीशुभ्र, कापसाच्या गोळ्यासारखी कोकरं उड्या मारत होती. बांधावर कानिफनाथराव उभे.

"खतासाठी बसवलीत मेंढरं माझ्या रानात. दरसाल बसवतो," ते म्हणाले. "तुम्ही गेलावतात कुठं एवढं?"

सरांनी उत्तर दिलं नाही. मागच्या सीटवरून वकिलानं दिलं.

वकील एकटा राहत नाही याचा अर्थ त्या संध्याकाळी कळला. त्याला गोठ्यात बांधून सर हात धुवायला गेले, आणि तो जो ओरडला, तो ऐकून साळूबाई, म्हणजे कानिफनाथरावांच्या मंडळी, हातातली भाकरी तव्यावर टाकून धावत आल्या.

"आता गं बया. मला वाटलं सरानाच काय झालं."

कुणी जवळ बसलं की वकील गप्प. उठलं की सुरू. त्या रात्री सर घोंगडी घेऊन गोठ्यातच झोपले आणि सकाळी मान वाकडी करून उठले. उठल्यावर त्यांना आकाश दिसलं. छपराचा बराच भाग वकिलानं खाल्ला होता.

"वाढ्याचं कुनी बांधतं व्हय?" साळूबाई म्हणाल्या. कानिफनाथरावांना त्याच वेळी काहीतरी काम आठवलं.

मग घरात पाळ्या लागल्या. सकाळी स्टेलाबाई पोळपाट-लाटणं घेऊन गोठ्यातच करंज्या लाटत. साळूबाई "इस्टेलाताई, मी भरते" म्हणत सारण घेऊन येत. दुपारी सर चाचणीचे पेपर तपासायला बसत. त्यांतला एक पेपर वकिलानं खाल्ला, तोही नेमका वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाचा. सरांनी पुष्कळ विचार करून त्याला पास केलं. मुलानं दुसऱ्या दिवशी शाळेत येऊन कोणता प्रश्न बरोबर आला ते विचारलं, तेव्हा सरांची फार पंचाईत झाली. दिवेलागणीला सृष्टीचा कॉल. ती कॅमेऱ्यातून वकिलाला वरपासून खालपर्यंत तपासायची. "काका, त्याच्या डोळ्याला चिपडं हाय. पुसा." सर पुसत. एवढी कडक तपासणी त्यांच्या शाळेचीही कधी झाली नव्हती.

संध्याकाळनंतरची पाळी बेंजामिनची, आणि रात्रीची पुन्हा सरांची. एकदा सर त्याच्यासाठी चहा घेऊन गेले आणि गोठ्याबाहेरच थबकले. आत मुलगा वकिलाला हलक्या आवाजात आवर्त सारणी समजावत होता. मग परीक्षेची भीती वाटते म्हणाला. मग शाळेतल्या एका मित्राशी झालेलं भांडण सांगितलं, आधीपासून शेवटपर्यंत, चूक माझीच होती हेही. सहा महिन्यांत घरात बोलला नसेल तेवढं तो बोलला. वकील मध्ये एकदाही बोलला नाही. सरांनी चहा गोठ्याच्या तोंडाशी ठेवला, कप जरा वाजवला, आणि पावलं न वाजवता परत फिरले.

एंजलला सरांनी फोटो पाठवला होता. भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून, वकिलाच्या गळ्यात हात टाकून. उत्तरादाखल एक लाल बदाम आला. बस्स. सरांना ठाऊक नव्हतं की बेंजामिननंही काही पाठवलं होतं. दारावर टांगायच्या कागदी चांदणीचं एक टोक सरांच्या हातात, दुसरं वकिलाच्या तोंडात, आणि सर त्याला वर्गातल्यासारखं दम देऊन सांगताहेत, "सोड. मी तीन म्हणायच्या आत सोड," असा तो व्हिडिओ होता.

तेवीस तारखेला दुपारी फाटकापाशी रिक्षा थांबली. तिच्यातून एंजल उतरली. तिच्या मागून संस्कृती नावाची मैत्रीण, तिच्या मागून आणखी दोघी, आणि मग बॅगा संपेपर्यंत बॅगा.

"महाबळेश्वर?" सरांनी विचारलं.

"मतदान घेतलं पप्पा. महाबळेश्वर हरलं," एंजल म्हणाली. "कुठंय वकील?"

"अंजली आली," साळूबाईंनी कुंपणावरून जाहीर केलं. एंजल हे नाव त्यांनी पहिल्या दिवसापासून स्वीकारलं नव्हतं.

आता सर सुखी व्हायला हवे होते. पण चार मुलींनी घर ताब्यात घेतलं. पाळ्या त्यांच्याकडे गेल्या, गोठ्याचं छप्पर त्यांनी साड्यांनी शाकारलं, वकिलाच्या शिंगांना लोकर गुंडाळली. एंजल सारखी हसत होती, पण ज्यावर हसायची ते सरांना कळत नव्हतं. तिच्या बोलण्यात अशी माणसं येत होती ज्यांची नावं त्यांनी ऐकलीच नव्हती. पाहुणे आल्यावर घरमालक कुठंतरी कोपऱ्यात वर्तमानपत्र घेऊन बसतो, तसे ते ओट्यावर बसले. वर्तमानपत्र डावीकडेच धरलं होतं, कारण मान उजवीकडे वळत नव्हती.

एंजलच्या ते लक्षात आलं. ती मागे येऊन उभी राहिली. "किती दिवसांपासून?"

"काही नाही ग. जरा अवघडलीय."

"हात खाली सोडा. श्वास घ्या. आता हळू इकडे."

तिची बोटं मानेवरून अशी फिरली की कुठं दुखतं ते तिला आधीच ठाऊक असावं. ज्या बोटांना त्यांनी पेन्सिल धरायला शिकवलं होतं, ती आता त्यांना काय करायचं ते सांगत होती. सर आज्ञाधारकपणे मान वळवत राहिले.

"कशाला झोपलात गोठ्यात?"

"तुला लहानपणी खरं कोकरू हवं होतं ना. दर नाताळात रडायचीस."

एंजलचे हात थांबले. "मी? मला हत्ती हवा होता पप्पा. नाताळच्या गोष्टीतल्या तीन राजांचा उंट चालेल, असंही मी म्हणाले होते. कोकरासाठी रडायचा तो बेंजू."

सरांनी मान उजवीकडे वळवून पाहिलं. आता ती वळत होती. गोठ्यात बेंजामिन वकिलाच्या कानामागं खाजवत बसला होता, आणि वकील डोळे मिटून उभा होता. एंजल खांदे दाबत राहिली.

नाताळच्या सकाळी घर नटून अंगणात उभं राहिलं. मुलींना मिस्सा बघायची होती. कानिफनाथराव आणि साळूबाई दरवर्षीसारखे नवे कपडे घालून चर्चला निघाले होते. आणि सगळे गोठ्यावरून पुढे जाताच वकिलानं तोंड उघडलं.

मंडळी थांबली. कुणीतरी राहायला हवं होतं. कानिफनाथरावांनी सुचवलं, रानातली चार मेंढरं आणून त्याच्याजवळ बांधू. दोघा-तिघांनी जाऊन ती आणेपर्यंत मिस्सा संपली असती.

"मी थांबतो," सर म्हणाले.

"आणि वाचन?" स्टेलाबाईंनी विचारलं.

नाताळच्या सकाळच्या मिस्सेत बायबलच्या जुन्या करारातलं पहिलं वाचन पीटर सरांचं असे. कित्येक वर्षं. फादर बदलले, वाचक बदलला नव्हता. स्टेलाबाईंचा आवाज माईकपुढे बसायचा, आणि एंजल सरावाशिवाय उभं राहायला तयार नव्हती.

"मी वाचतो," बेंजामिन म्हणाला. म्हणताना तो बुटाची नाडी बांधत होता.

सरांना पुष्कळ सांगायचं होतं. स्वल्पविरामाला थांब, पूर्णविरामाला वर बघ, त्यात एका जुन्या नगराचं नाव आहे त्याचा उच्चार असा कर. त्यांनी तोंड उघडलं, आणि स्टेलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. सरांनी तोंड मिटलं.

"जा," ते म्हणाले. "उशीर होईल."

मंडळी वळणाआड गेली. सर गोठ्यात पेंढ्यावर बसले. वकील त्यांच्या अंगाला टेकून खाली बसला. इतक्यात चपला हातात घेऊन एंजल परत आली, नव्या ड्रेससकट पेंढ्यावर बसली आणि म्हणाली, "त्यांना चर्च दाखवायला मम्मी आहे. सरका जरा."

दोघं शेजारी बसून राहिली. थंडी होती. ती पुण्याबद्दल सांगू लागली. हातात ताकद नसलेली एक छोटी मुलगी तिच्याकडे येते, तिनं परवा पहिल्यांदा पेला उचलला, तर आपल्यालाच रडू आलं, असं ती म्हणाली. सरांनी त्या मुलीचं नाव विचारलं. मग पेला रिकामा होता की भरलेला, तेही विचारलं. एंजलला हा प्रश्न आवडला.

चर्चचा कर्णा खरखरला. गाणं झालं. मग एक आवाज आला, जड, सावकाश, शेवटच्या शब्दापर्यंत नीट पोचणारा. सर कान देऊन ऐकू लागले.

"पाहुणा दिसतोय कुणी," ते म्हणाले. "श्रीरामपूरहून आला असेल. बेंजूनं आयत्या वेळी कच खाल्ली वाटतं. पण वाचतोय चांगलं. कोण आहे?"

एंजलनं त्यांच्याकडे पाहिलं.

"पप्पा," ती म्हणाली, "बेंजू आहे."

सरांनी वकिलाच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. आवाज गावावरून, उसाच्या फडांवरून, रानात बसलेल्या मेंढरांवरून जात होता. त्या जुन्या नगराचं नाव आलं, तिथे तो अडखळला, आणि उच्चार साफ चुकला. मग पुढे गेला.

पीटर सरांनी तो मनातल्या मनातसुद्धा दुरुस्त केला नाही.